बेतणे

एकाहत्तरच्या जानेवारीत पूर्वेकडून एक खोकं आलं,
सुतळीने बांधलेलं, एका कोपऱ्यात भिजलेलं.
आत फौजदारी कायद्याची नमुना संहिता.
लिहिणारे प्राध्यापक, न्यायाधीश.
आमचं राज्य त्यांनी पाहिलं असेल तर
विमानाच्या खिडकीतून,
तेही ढग नसतील तर.

मी टंकलेखिका. आर्डिस टॉलेफस्रुड, टेबल तिसरं.
सिनेटर म्हणाले, यातून आपला कायदा काढायचाय.
म्हटलं, हे तर ओळखीचं काम.
कॅटलॉगातून मागवलेला झग्याचा कागदी नमुना:
ठिपक्यांच्या रेघा, बाण, ‘इथे दुमडा’,
माप कुणा भलत्याच बाईचं.
टाचण्या ओठांत धरायच्या
आणि आपल्या अंगाला बेतायचं.

जुना कायदा नुसती ठिगळं.
घोडा चोरला तर दहा वर्षं,
घोड्यासारखं राबवून माणूस मारला तर दंड.
आणि पानोपानी ते ‘दुष्ट अंतःकरण’,
जे कुणी उघडून पाहिलं नव्हतं.
त्याच्या जागी आता चार पायऱ्या:
हेतुपुरस्सर. जाणूनबुजून.
बेदरकारपणे. निष्काळजीपणाने.
इतक्यांदा टंकल्या, की एका रात्री
मर्विनला विचारलं, दूध उतू गेलं
ते यातल्या कितव्या पायरीवर?
तो रेल्वेत रूळ बदलायचा. म्हणाला,
तू बघत होतीस, की नव्हतीस?

समितीला तेवढ्यासाठी तीन हिवाळे लागले.
नमुन्यात तेच होतं, मोठ्या शब्दांत:
धोका दिसत असूनही
त्याच्याकडे पाठ फिरवणं.

शेजारच्या राज्याने खोकं होतं तसं उचललं,
चुकलेल्या स्वल्पविरामासकट.
नदीपलीकडच्यांनी परत पाठवलं.
आम्ही कापलं, जोडलं,
मोकाट गुरांचं कलम हट्टाने ठेवलं,
आणि एक एप्रिल उजाडला तो कायदा होऊन.

त्यानंतर एकतीस वर्षांनी मी ज्युरीत, खुर्ची नववी.
समोर लीवाय होखहाल्टर, वय एकोणीस,
कॉलर मानेला मोठी.
कापणीचे दिवस, दोन रात्री जागा,
धान्याचा ट्रक. रस्त्याकडेला
टायर बदलणारी एक बाई.
‘मला ती दिसलीच नाही,’ एवढंच तो बोलला.
दिसली नसेल. आम्हा बाराही जणांना पटलं.

न्यायाधीशांनी व्याख्या वाचली.
बेदरकार म्हणजे: धोका दिसत असो,
वा दिसायला हवा असो.
वाचून पुन्हा वाचली, आम्ही मागितली म्हणून.
खोलीत कॉफी निवत गेली.
त्याने पाहिलं की नाही, हा प्रश्नच
आमच्या राज्यात उरला नव्हता.
चार वाजता मीही हात वर केला.

पुढल्या आठवड्यात राजधानीला गेले,
तळघरात, फाईल एकशे बारा.
कार्बन प्रतीवर पेन्सिलीची रेघ,
‘दिसत असूनही’ या दोन शब्दांवरून,
इतकी दाबून, की मागल्या पानावर वळ.
बाजूला आद्याक्षरं: ऑर्विल ग्रोनहोव्द,
बीटवाले सिनेटर, कधी आवाज न चढवणारे.
त्या शरदात त्यांची मुलगी सायकलवर होती,
आणि दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर
सुटला होता, हेच वाक्य बोलून.
हे तेव्हा सगळ्या इमारतीला ठाऊक होतं.
मलाही.

मी ते दोन शब्द सोडून
पान स्वच्छ टंकलं.
एक खाडाखोड नाही.
कुणी म्हणालंसुद्धा, आर्डिस, छान.

बेतणं म्हणे कापडाचं असतं.
आणि जिवावरही बेततं,
हे कुठल्या नमुन्यावर छापलेलं नसतं.

घरी शिवणाच्या डब्यात तो झग्याचा कागद अजून आहे.
खांद्यापाशी पेन्सिलीने पाव इंच वाढवलेला,
अक्षर माझंच.
का वाढवला, कुणासाठी,
आठवत नाही.